मापातलं पाणी

आमच्या शेजारच्या झिपरूनानांकडे चहाला गेलात, तर चहा आधी काट्यावर चढतो, मग तुमच्या हाती येतो. बसा बापडे तोवर.

नाना जन्मभर कापसाच्या जिनात मापाडी. काम सुटलं, सवय सुटली नाही. त्यांचा एक पितळी पेला आहे. त्यात पाणी मावतं बरोबर दोनशे ग्राम. तेल भरलं तर एकशे त्र्याऐंशी, चांगलं दूध दोनशे सहा. एकदा दूधवाल्याचा पेला दोनशे तीनच भरला. नानांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "भो, यामा अर्धी म्हैस शे नि अर्धी हापशी." तो दूधवाला अजून आमची गल्ली टाळतो.

आम्ही हसायचो. मग इंदूवहिनींच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नंदुरबारला डायलिसिस. डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला पाऊण लिटर, वर थेंब नको, नाहीतर पाणी छातीत भरेल. तेही वैशाखात, आमच्या धानोऱ्यात, जिथं दगडालाही तहान लागते.

नाना रोज सकाळी वहिनींना काट्यावर उभं करत. डाळ, ताक, गोळीबरोबरचा घोट, सगळं पेल्यानं मोजून. कधी बर्फाचा खडा देत. म्हणत, पाण्यापेक्षा हलका असतो, तोंड भरतं, माप भरत नाही. वहिनी मला हळूच सांगायच्या, "या मानूसले मी बी दूधच वाटस."

एका दुपारी नाना औषधं आणायला गेले होते. वहिनी ओठ चाटत बसलेल्या. मला बघवेना. पाणी नाही हो दिलं मी. तापीकाठचं टरबूज होतं आमच्या घरात, त्याच्या चार फोडी आणून दिल्या. फळ म्हणजे खाणं, असंच मी समजत आले.

दुसऱ्या सकाळी काट्यानं किलोभर जास्त दाखवलं, आणि वहिनींना धाप लागली. जीपमध्ये घालून नेलं. दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या, मग घरी आल्या.

त्याच दुपारी मी तसलंच एक टरबूज घेऊन गेले आणि नानांपुढे कबूल केलं. ते ओरडले नाहीत. टरबुजाची फोड काढली, तोलली, फडक्यात पिळली. रसानं पेला जवळजवळ भरला. फडक्यात उरला चिमूटभर चोथा.

"समदं पानीच शे, अक्का," एवढंच बोलले.

मला रडू आलं. मान खाली घातली तर नानांच्या खाटेखाली बाटली दिसली. तशीच एक वहिनींच्या उशाशी होती. दोन्हींवर पाऊण लिटरला चिकटपट्टी, एकाच उंचीला. वहिनींची अर्धी भरलेली. नानांची रिकामी, आणि दुपारचे तर तीनच वाजले होते. मी वर पाहिलं. त्यांचे ओठ फुटले होते.

म्हटलं, नाना, हा रस तरी प्या.

त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला.

"तूच पी. मन्हं आजनं माप व्हई गयं."