फंक्शन राहत नाही

दुसऱ्या दिवशी अकरावीच्या गणिताची फेरपरीक्षा होती आणि प्रणालीच्या डोक्यात डोमेन-रेंज काही केल्या शिरत नव्हतं. शेवटी तिने दिवेआगरच्या आपल्या घराचंच उदाहरण घेतलं. डावीकडे पाहुणे, उजवीकडे भाड्याच्या खोल्या, मधे बाण. ज्यांच्यापासून बाण निघतात ते पाहुणे म्हणजे डोमेन. ज्या खोल्यांपर्यंत बाण पोचतात त्या म्हणजे रेंज. प्रत्येक पाहुण्याचा एकच बाण असेल, तर ते फंक्शन. कुठे जरा कळायला लागलं होतं, तेवढ्यात हितेशदादाने दारातून डोकं घातलं. आई हरिहरेश्वरला गेल्यामुळे पाहुण्यांचं तोच बघत होता.

"एकाच पाहुण्याला दोन खोल्या दिल्या तर चालतं ना?"

दादा आपली उजळणी घेतोय असं वाटून तिने मान वर न करता सांगितलं, "न्हाय. मग ते फंक्शन राहत न्हाय. नुसतं रिलेशन राहतं."

पनवेलच्या दयारामशेठनी मुलीच्या साखरपुड्यासाठी दोन्ही खोल्या घेतल्या होत्या, आणि संध्याकाळी वाडीत फंक्शनच तर होतं. हितेशला वाटलं, नवीन काहीतरी सरकारी नियम निघाला असणार. त्याने ताबडतोब फोन लावला. शेठची गाडी माणगावच्या पुढे आली होती, आवाज तुटत होता. त्यांना एवढंच ऐकू आलं, की फंक्शन होणार नाही. त्यांनी मागून येणाऱ्या मुलाकडच्यांना तसं कळवलं, आणि ते रागारागाने तिथूनच माघारी फिरले.

दयारामशेठ बायको-मुलीसह जाब विचारायला अंगणात उतरले तेव्हा त्यांचा चेहरा बघून हितेश सुपारीच्या झाडाआड सरकला. प्रकार कळल्यावर प्रणाली वही घेऊन पुढे झाली, बाण दाखवले, चूक कबूल केली. शेठनी वही हातात घेऊन ते बाण बघितले.

"म्हणजे ह्या बाणांपायी माझ्या पोरीचा साखरपुडा मोडला," ते सावकाश म्हणाले आणि मुलाकडच्यांना परत बोलवायला त्यांनी फोन काढला.

"बाबा, नका लावू." नवरी मुलगी हेमालीने त्यांचा हात धरला. "मला न्हाय करायचं हे लग्न. सांगायचा धीर होत नव्हता."

सगळे हेमालीच्या आईकडे बघू लागले. पदराशी चाळा करत ती पुटपुटली, की तिलाही मुलगा पसंत नव्हता. पण बापलेकीच्या मनात भरलाय म्हणून ती गप्प होती.

दयारामशेठ पायरीवर बसले. फोन खिशात ठेवला.

"मला वाटलं, तुम्हा दोघींना आवडलाय," ते म्हणाले. "न्हायतर त्या माणसाला मी उंबऱ्यात तरी उभं केलं असतं का?"