तीन हातांच्या मुली

“अरे, बाईंना आवरा कोणीतरी! आज पोरींना ओढण्यांनी बांधून राहिल्या,” ऑफिसच्या खिडकीतून क्लार्क ओरडले.

त्या पोरींतलीच मी एक. फक्त अजून न बांधलेली.

बांधणाऱ्या बाई म्हणजे ढोमणे मॅडम. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, नागपुरातल्या आमच्या मुलींच्या कॉलेजात त्या पेशीशास्त्र शिकवायच्या. पुस्तक इंग्रजीत वाचायच्या आणि रामटेककडच्या आपल्या बोलीत सांगायच्या. स्टाफरूममध्ये त्यावरून हसत. मॅडमचा आवाज आणखी चढे.

त्या वर्षी त्यांच्या डोक्यात क्लॅथ्रिन शिरलं होतं. हे प्रथिन तीन पायांचं. “पेशीच्या कातडीले हे आतून चिकटते. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात. टोपली विणल्या जाते, कातडी आत ओढल्या जाते, अन् बाहेरचा माल टोपलीसकट आत! काम झालं का टोपली सुटून जाते. अन् हुकूम देते कोण? कोणीच नाही!”

फळ्यावर हे पटेना म्हणून आम्हाला अंगणात काढलं. दोन हात आणि कमरेला बांधलेल्या ओढणीचं टोक, असे प्रत्येकीला तीन पाय. जी समोर येईल तिला धरायचं. अट एकच.

“पुढारी बनायचं नाही! मंदा, तू बोट दाखवून राहिली. बोट खाली!”

मी भिंतीशी उभी होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मराठी बोलताना आधी मनात वाक्य जुळवणारी.

“काहून वं कॉन्व्हेंट, तुले आवतण पाठवू? पेशीत आवतण नसते.”

मी हसले आणि तिथेच राहिले.

सहा-सहा जणींच्या कड्या जुळून जाळी झाली. एका कोपऱ्यात पाचच जणी उरल्या आणि तिथून जाळी वळू लागली. मॅडम नाचायच्या बाकी होत्या. “पाहा! पाचाची कडी आली का वाक येते!”

नेमके तेव्हा विभागप्रमुख सर छत्री घेऊन अंगण ओलांडत होते. कोणी सांगितलं नाही, पण जाळी वळता वळता त्यांच्याभोवती मिटली.

“सर, तुम्ही आत गेले!” मॅडम आनंदाने ओरडल्या.

सर आनंदले नाहीत. मुलींनी पटापट हात सोडले. “हा काय तमाशा आहे? यातलं कुणाला काही समजलं?”

मुली कमरेच्या ओढण्या सोडून खाली टाकू लागल्या. अंतर्गत गुण सरांच्या हातात होते.

“उद्यापासून हा पेपर दुसरे कोणी शिकवतील. तुम्ही प्रॅक्टिकलची सामग्री सांभाळा. मुलींनो, घरी जा.”

आता मॅडम भांडतील, असं मला वाटलं. त्या सरांच्या जवळ गेल्या. ते दोघं माझ्या भिंतीजवळ असल्यामुळे फक्त मला ऐकू आलं. आवाज इतका खाली की तो त्यांचाच, हे समजायला क्षण लागला.

“सर, पेपर काढून घ्या. आठवड्यात एक तास तरी ठेवा. सदर बाजारातल्या भाड्याच्या खोलीत मी एकटी असते. दिवसभरात माझ्याशी बोलतात त्या एवढ्याच पोरी.”

“ज्यांचा पेपर, त्यांचाच तास. नियम म्हणजे नियम,” सर म्हणाले.

मॅडम वाकून खाली पडलेल्या ओढण्या गोळा करू लागल्या. एकेक झटकून, घडी करून, जिची तिच्या हातात देत होत्या. मुली पायांकडे बघत घेत होत्या.

मनात वाक्य जुळवायला वेळ नव्हता. मी भिंत सोडली, सरांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“सर,” मी म्हणाले, “आमचा तास अजून संपलेला नाही.”