करमरकरांच्या दोन हातांमधलं अंतर

“मिस प्रधानांचं ‘नाही’ धरून चला. त्या कुठे बोलतात!”

पलीकडच्या टेबलावरचे मांडके कारकून हळूच म्हणाले. मिस प्रधान म्हणजे मी. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे मनात मराठी वाक्य जुळवून होईपर्यंत संभाषण पुढे गेलेलं असे. मी मान खाली घालून बेरजा करत राहिले. बाहेर जीपचा हॉर्न पुन्हा वाजला.

“हे त्यांनी सांगितलं का?” करमरकर साहेबांनी विचारलं.

पनवेलच्या आमच्या पाहणी कचेरीत हे दिवसभर ऐकू यायचं. चहावाल्याने सवयीने साखर घातली तरी, “मी सांगितली?” दुसरी खोड हातांची. किती वाजले विचारलं, की साहेब वेळ सांगत आणि दोन तळवे समोर धरून तीत चूक किती असेल तेही दाखवत. घड्याळाला बोटभर फट. ठाण्याच्या मोटारीला वीतभर. वरिष्ठांच्या आश्वासनाला एवढी, की एकदा शाईची दौत मांडक्यांच्या धोतरावर गेली.

आज वाद विचुंबे गावाच्या पाहणीचा होता. घरातली बाई काल किती वेळा जेवली, हा रकाना बऱ्याच घरांचा कोरा आला होता. आमची माणसं दिसली की बायका आत पळायच्या. “आमाला नाय ठावं, धन्यांना इचारा.” धन्यांनाही ठाऊक नसायचं. आणि अहवाल उद्या सकाळी मुंबईला जायचा होता.

“इतर घरांची सरासरी भरू, साहेब. मोकळे होऊ,” मांडके म्हणाले.

साहेब येरझारा घालत होते. “म्हणजे सगळ्या बायका सारख्याच जेवलेल्या दिसणार. उपाशी राहिलेली त्यात कुठे सापडायची? कागदावर आपली चूक एवढीशी,” तळवे जवळजवळ चिकटले, “आणि खरी एवढी!” डिंकाची बाटली आडवी झाली.

जीप विचुंब्याला जाऊन दिवेलागणीपर्यंत परत येऊ शकत होती. पण बायकांना विचारायला बाई हवी. कचेरीत बाई एकच.

“एका रकान्यासाठी एवढा हट्ट, साहेब?” डिंक पुसत मांडके म्हणाले.

साहेब खिडकीशी थांबले. “आमच्याकडे आठवड्यातून दोनदा वांग्याची भाजी व्हायची. मला आवडते, म्हणजे हिलाही आवडत असणार. ही गेल्यावर मेहुणी म्हणाली, ताईला वांगं कधी घशाखाली उतरलं नाही. मी विचारलंच नव्हतं हो.”

पुसायचं फडकं मांडक्यांच्या हातात तसंच राहिलं. मग त्यांनी जपून विचारलं, “मग मिस प्रधान जातील, की नाही?”

साहेबांनी दोन्ही हात पोचतील तेवढे फाकवले आणि माझ्याकडे न बघता तसेच उभे राहिले. बाहेर जीप सुरू झाली.

“थांबवा तिला,” मी म्हणाले. “मी जाते.”