खालच्या शिरेची हरकत

आमच्या दवाखान्यात शरीराचा कुठलाही भाग कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतात, आणि निवृत्ती घोलपांच्या खालच्या शिरेनं कापून घ्यायला साफ नकार दिला. मी सर्जन आहे. मला नकाराची सवय नाही. पित्ताशय कटकट करतं, अपेंडिक्स तर सरळ शिव्या घालतं, पण समजावलं की सगळे मुकाट टेबलावर येतात.

निवृत्ती एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. चाळिशी उलटलेली, अंगात साखर वाढलेली, त्यामुळं लिंगाच्या पुढची कातडी आवळून सारखी चिरत होती. सुंता करणं भागच होतं. कातडीला विचारलं तर ती म्हणाली, "न्या बाबा मला एकदाचं. ह्या चिरांनी जीव नकोसा झालाय." इतकी समजूतदार कातडी मी क्वचित पाहिली.

अडून बसली ती शीर. जिभेखाली जशी छोटी दोरी असते तशीच ही टोकाच्या खालच्या अंगाला असते, कातडीला धरून. पुस्तकात तिला फ्रेन्युलम म्हणतात, पेशंट शीर म्हणतात. निवृत्तीची आखूड होती. ताणली की फाटायची आणि रक्त यायचं. असल्या शिरा मी कातडीबरोबरच काढून टाकतो. हात बसलाय माझा, आणि उगाच कशाला खोटं बोलू, चांगला बसलाय.

बोलणी आधीच उरकावी लागतात, कारण भुलीचं इंजेक्शन दिलं की अवयवांचा आवाज बंद होतो. भूल देणाऱ्या डॉ. शेटे सिरिंज भरून थांबल्या होत्या. मी स्टूल ओढून बसलो.

"बाई, तुमची हरकत काय आहे?"

"हरकत? अहो, ह्या माणसाला जे सुख कळतं ना, त्यातलं बरंचसं माझ्यामुळं कळतं. मला काढलंत तर गेलं काय, हे सांगायलासुद्धा कोणी उरणार नाही."

"पण तुम्ही फाटता."

"आखूड आहे म्हणून फाटते. मला काय हौस आहे?"

निवृत्ती छताकडं बघत पडला होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, काढू नका. आणि आहे तशी ठेवूही नका. मला दोन्हीची भीती वाटते." असं म्हटल्यावर सर्जननं करायचं काय? मी त्याच्या बायकोला, शैलाला, आत बोलावलं.

शैला पदर सावरत आली आणि नवऱ्याच्या उशाशी उभी राहिली. ती एकदम बोलली, "दोन वर्षं झाली, हे अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत जातात. कारण विचारलं तर उकडतं म्हणतात. थंडीत कुणाला उकडतं हो? मला वाटलं, मीच नकोशी झाले ह्यांना."

"अगं, लाज वाटायची सांगायला," निवृत्ती म्हणाला.

"मला मेलीला रडवून ठेवलंत, त्याची नाही वाटली?"

"वहिनी, चिडायचं तर माझ्यावर चिडा," शीर म्हणाली. "पण डॉक्टरांना सांगा, मला ठेवा म्हणून."

शैलानं डोळे पुसले आणि माझ्याकडं पाहिलं. मी घसा खाकरून तोडगा मांडला. शिरेला आडवा छेद द्यायचा आणि तो उभा शिवायचा. तेवढ्यानं आखूड शीर लांब होते आणि जागच्या जागी राहते. काम किचकट, पण मला जमतं. निवृत्तीनं मान डोलावली.

"आणि इंजेक्शननंतर तुमचा विचार बदलला तर?" शीर म्हणाली. "मी तेव्हा मुकी असणार."

"मी शब्द देतो."

"बरं," ती म्हणाली, आणि डॉ. शेट्यांनी सुई टोचली.

कातडी छान सुटून आली. शिरेला छेद दिला आणि तिच्यातली बारीक रक्तवाहिनी वाहायला लागली. एक टाका घातला, तो निसटला. पुन्हा रक्त. सिस्टर रेबेका कापसाचे बोळे पुरवून वैतागल्या. "सर, काढूनच टाका ना सरळ. आता ऐकतंय कोण?"

रेबेकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं टेबलावर मुकं झालेल्याशी आजवर असंच वागलं गेलंय, आणि माझी कात्री न सांगता शिरेपर्यंत पोचलीही होती. मला माझ्याच हाताचा संताप आला. कात्री ट्रेमध्ये आपटली, बारीक दोरा मागितला आणि ती वाहिनी शोधून बांधली. मग छेद उभा शिवला. रेबेकांनी नाक मुरडलं, पण दिवा नीट धरला.

खरी धाकधूक त्यानंतर. शीर जागेवर आहे एवढ्यानं भागत नाही. भूल उतरल्यावर ती बोलली तर जिवंत. नाही बोलली तर मी ठेवली काय आणि कापली काय, निवृत्तीला सारखंच.

दुपार टळली. बाजूची कातडी कुरकुरायला लागली, म्हणजे भूल उतरत होती. शीर गप्प. शैला खाटेच्या कडेला बसून होती. "काही म्हणाली?" ती दर थोड्या वेळानं विचारायची आणि निवृत्ती नुसती मान हलवायचा. मी तीनदा चक्कर मारून गेलो. बाकीच्या पेशंटवर उगाच खेकसलो.

चौथ्यांदा आलो तेव्हा निवृत्तीनं शैलाचा हात घट्ट धरला होता. दोघंही श्वास रोखून पट्टीकडं बघत होते.

"टोचतंय," पट्टीखालून बारीक आवाज आला. "काय दोरा वापरलाय हा? सुतळी आहे का?"

"बोलली गं!" निवृत्ती ओरडला. "शैला, अगं, टोचतंय मला!" आणि एवढा मोठा गडी हमसून हमसून रडायला लागला. शैला त्याचं डोकं छातीशी धरून हसत होती, आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"टोचणारच," मी म्हणालो. "टाके आहेत ते."

"शिवाय पट्टी आवळलीय. आणि तुमच्या त्या सिस्टरचं बोलणं..."

शिरेच्या तक्रारी पुष्कळ होत्या. मी स्टूल ओढलं, आणि आम्ही तिघांनी बसून त्या सगळ्या ऐकून घेतल्या.