साळिंदराच्या डिकीतला पंप

एका जंगलात, मुलांनो, झाडून सगळ्या प्राण्यांकडे गाड्या होत्या. रस्ता मात्र एकच होता आणि तो बाभळीच्या बनातून जात होता. त्यामुळे रोज कुणाची ना कुणाची गाडी वाटेत बसायची. स्टेपनी प्रत्येकाकडे असे, पण तिच्यात हवा आहे का, हे बघायची पद्धत त्या जंगलात नव्हती.

तिथे गुणाजी नावाचं एक साळिंदर राहत असे. स्वभावाने गरीब, अंगाने काटेरी. त्याच्या मुलीचं, मंजुळेचं, लग्न जमत आलं होतं. टेकडीपलीकडचे बयाजीराव साळिंदर स्वतः येऊन आपल्या मुलासाठी मुलगी पसंत करून गेले होते. आता साखरपुडा होईपर्यंत आपल्या नावाला बट्टा लागू नये, एवढंच गुणाजीला हवं होतं.

पण गुणाजीला एक खोड होती. तो गाडीत हवा भरायचा पंप ठेवायचा. गाडीच्याच विजेवर चालणारा, जेवणाच्या डब्याएवढा. पंक्चर लहान असलं तर हवा मारून गाडी मुंगसाच्या टपरीपर्यंत कशीबशी जाते. मुंगूस पंक्चर काढायचा.

एकदा अस्वलतात्या वाटेत अडकलेले दिसले. गुणाजीने गाडी थांबवली, पंप काढला आणि घरघर करत हवा भरून दिली.

"देवमाणूस आहेस रे," तात्या म्हणाले.

मग हरणाची गाडी बसली. मग रानडुकराची. गुणाजी प्रत्येक वेळी थांबला. घरी येऊन तो बायकोला सांगे, आणि त्या दिवशी त्याला दोन घास जास्त जात.

एक दिवस पाणवठ्यावर टिटवीकाकू म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही हो. पण जिथे पंक्चर, तिथे हा हजर. आणि अंगावर बघा काय काय बाळगून असतो."

जंगलाला हे लगेच पटलं. मुंगसाने तात्यांच्या टायरमधून काढलेला काटा आणून दाखवला. "अहो, हा बाभळीचा आहे," तो म्हणाला.

"काटा तो काटा," तात्या म्हणाले. "आणि मला सांग, ज्याच्या मनात काही नाही तो पंप घेऊन कशाला फिरेल? मी फिरतो का?"

मुंगसाला यावर उत्तर सुचलं नाही. तुम्हालाही आज सुचणार नाही, मुलांनो. मोठे झालात की प्रश्नच पडणार नाही.

बातमी टेकडी ओलांडून गेली. बयाजीरावांचा निरोप आला, साखरपुड्याचं जरा थांबू या, आमच्या घराण्यात असलं चालत नाही. काटे बयाजीरावांच्या पाठीवरही तेवढेच होते. पण त्यांच्या गाडीत पंप नव्हता.

गुणाजी त्या दिवशी रडला. मंजुळेने साखरपुड्याची साडी घडी करून ट्रंकेत ठेवली, याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

"फेकून द्या तो पंप," त्याची बायको आवडाबाई म्हणाली.

त्याला फेकवेना. त्याने तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि डिकीत अगदी तळाशी सारला.

त्यानंतर वाटेत कुणी अडकलं की गुणाजी चारचौघांसारखा वागू लागला. गाडी थांबवायची, कमरेवर हात ठेवायचे, टायरला एक लाथ मारायची आणि म्हणायचं, "हवा गेलीय." मग म्हणायचं, "हल्ली टायरच पूर्वीसारखे येत नाहीत." मग घरी जायचं.

जंगल हरखून गेलं. गुणाजी किती सुधारला, किती आपुलकीने चौकशी करतो, असं जो तो म्हणू लागला. टिटवीकाकूंनी स्वतः टेकडीपलीकडे जाऊन रदबदली केली आणि साखरपुड्याचा मुहूर्त पुन्हा निघाला.

साखरपुड्याच्या दिवशी मंजुळेला घेऊन टेकडीपलीकडे निघालेली गुणाजीची गाडी बाभळीच्या बनात फस्सकन बसली. स्टेपनी तर आधीच बसलेली होती.

बघता बघता सगळे जमले. तात्यांनी टायरला लाथ मारली. हरणाने मारली. रानडुकराने दोनदा मारली. पाहुणे का आले नाहीत म्हणून बघायला बयाजीरावही येऊन पोचले आणि म्हणाले, "हवा गेलीय."

"पोरीला माझ्या गाडीतून नेऊ का?" मुंगसाने विचारलं.

"साखरपुड्याला निघालेल्या मुलीने मध्येच गाडी बदलू नये," टिटवीकाकू म्हणाल्या. असं कुठे सांगितलंय ते कुणी विचारलं नाही.

आवडाबाई नवऱ्याच्या कानाशी आली. "अहो, पंप काढा ना."

"हळू बोल," गुणाजी म्हणाला. "व्याही उभे आहेत."

"मुहूर्त टळतोय."

"टळू दे. पंप दिसला तर लग्नच टळेल."

आणि तो जाऊन डिकीवर बसला.

मुहूर्त टळला. मंजुळेने खिडकीची काच वर केली आणि गजरा काढून मांडीवर ठेवला. बयाजीरावांनी गुणाजीच्या खांद्यावर, काटे चुकवून, हात ठेवला.

"मुहूर्ताचं काय, दुसरा काढू. पण एवढी मंडळी धावून आली, हे बघून मला बरं वाटलं. चांगल्या घरी सोयरीक होतेय."

गुणाजीचे डोळे भरून आले. "आपली कृपा," तो म्हणाला. डिकीवरून मात्र तो उठला नाही.

तात्पर्य : मुलांनो, अडलेल्याच्या मदतीला नेहमी धावून जावं. फक्त जाताना मदत बरोबर नेऊ नये.