वाटेत असलेले सिनेटर

आमच्या सान होनोरियो गावची मुलं दोराला लटकवलेल्या टोपलीत बसून शाळेत जातात. खाली नदी, वर टोपली आणि दोर ओढायला मी. मागच्या वर्षी टोपली मधोमध अडकली, दोन पोरी तासभर अधांतरी लोंबकळल्या. तेव्हा शाळेच्या सेफेरिनाबाई म्हणाल्या, आता पूल झालाच पाहिजे. नुसत्या म्हणाल्या नाहीत, कारण त्या बदली सिनेटर होत्या.

आमच्याकडे खालच्या सभागृहात जिल्ह्याचा माणूस जातो, वरच्यात प्रांताचा, आणि तो जोडीने निवडून येतो. एक मुख्य, एक बदली. मुख्य पुरुष असला तर बदली बाईच हवी, असा समतेचा कायदा आहे. मतपत्रिकेवर मुख्याचा फोटो आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात बदलीचं नाव. मुख्य गैरहजर असला की बदलीने मत द्यायचं. आमचे मुख्य, सिनेटर एवारिस्तो मोन्तान्यो, दोन वर्षांत सभागृहाची पायरी चढलेले नव्हते. म्हणजे बाईंना रान मोकळं, असं आम्हा अडाण्यांना वाटलं.

पुलाचं विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी वरच्यात आलं. बाईंसोबत मीही प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. छत्तीसपैकी अठरा सिनेटर हजर होते. कामकाजाला एकोणीस लागतात.

बाई उभ्या राहिल्या. "एकोणिसावी मी आहे. खाली येऊ का?"

"बसा, बाई," सचिव म्हणाले. "मुख्य सदस्यांनी गैरहजर असल्याचं लेखी कळवलेलं नाही."

"अहो, खुर्ची रिकामी दिसतेय की."

"खुर्ची दिसते. गैरहजेरी नोंदवावी लागते."

सचिवांनी भर सभागृहात सिनेटरांना फोन लावला. पलीकडे कोणीतरी पत्ते पिसत होतं.

"गैरहजर? मी?" सिनेटर दुखावले. "मी वाटेत आहे."

सचिवांनी नोंद केली: मा. सदस्य वाटेत.

"दोन वर्षं वाटेतच आहेत?" बाईंनी विचारलं.

"आपल्याकडचे रस्ते खराब आहेत, बाई."

वाटेत असणं म्हणजे गैरहजेरी का, हा प्रश्न समितीकडे सोपवायचं ठरलं. समिती नेमायला एकोणीस सदस्य लागतात, असं सचिवांनी नम्रपणे लक्षात आणून दिलं. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "आज विषय काय आहे म्हणालात?"

"पूल."

"कुणाच्या नावाचा?"

वीस मिनिटांत सिनेटर हजर. एकोणीस झाले. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: पुलाला 'सिनेटर एवारिस्तो मोन्तान्यो पूल' म्हणावं. विधेयक दुरुस्तीसह एकमताने मंजूर झालं. आता मजकूर बदलला म्हणजे ते परत खालच्या सभागृहाकडे जायला हवं. खालचं सभागृह निवडणुकीसाठी तासापूर्वीच विसर्जित झालेलं. विधेयक बाद.

"बघा, आलो की नाही?" सिनेटर बाईंना म्हणाले. माझं टाळकंच सटकलं होतं.

गावी पोचल्यावर बाईंनी येत्या निवडणुकीत स्वतःच मुख्य सिनेटर म्हणून अर्ज भरला. आम्ही अख्ख्या गावाने सांगितलं, "बाई, आमचं मत तुम्हालाच." मग सिनेटर बँडबाजा आणि चिचाचे रांजण घेऊन आले. मक्याच्या त्या दारूचा पहिला पेला त्यांनी मला दिला. "पुलाचं नाव पक्कं झालंय," ते म्हणाले, "आता फक्त पूल राहिलाय. माझं नाव आहे म्हटल्यावर मी सोडीन होय?" मुद्दा बिनतोड होता. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सिनेटर पुन्हा निवडून आले. टोपलीतून रोज चाळीस मुलं जातात. बाईंना गावात अकरा मतं पडली.

आज सान होनोरियोत कुणालाही विचारा, त्या अकरांतला मी, असं छातीवर हात ठेवून सांगणारे दोनशे जण निघतील. मीही सांगतो. तुम्ही इथले असता, तर तुम्हीही हेच सांगितलं असतं.