बसून करायची नोकरी

नोकरीतला अनुभव म्हणाल तर अख्ख्या गावात माझा हात धरणारा कोणी नाही! कोंबड्या सोलल्या, गोदामात खोकी उचलली, मॉलच्या फरश्या पुसल्या. सगळं उभ्यानं! म्हणून पिकेटसाहेब म्हणाले, "वेंडेल, गिऱ्हाईक वाढव, आतली टेबल-खुर्ची तुझी!" तेव्हा मी घरी जाऊन जाहीरच केलं, "लोरीन, आता तुझा नवरा बसून कमावणार!"

"आधी उभा तर राहा नीट," बायको म्हणाली. ती आमच्या ऑफिससमोरच्याच हॉटेलात वेट्रेस आहे. संध्याकाळी बिचारीचे पाय पावासारखे फुगतात.

पिकेटसाहेबांचा धंदा लोकांचे टॅक्सचे कागद भरून देण्याचा. माझं काम सोपं. स्वातंत्र्यदेवीचा हिरवा झगा, डोक्यावर स्पंजचा मुकुट, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात बाणाची पाटी. गिऱ्हाईक ओढायला चौकात उभं राहून ती पाटी नाचवायची!

"देवी, दाढी कर!" गाड्यांतून लोक ओरडायचे.

त्या शुक्रवारी चौकातला सिग्नल बंद पडला. आमच्या ओहायोतली माणसं भारी सभ्य. चारी बाजूंच्या गाड्या थांबल्या आणि जो तो काचेआडून हात करू लागला, "आधी तुम्ही!" "छे छे, तुम्हीच!" कोणी हलेना! रांग पार चर्चपर्यंत गेली.

मला राहवेना. मशाल उंचावून एक बाजू थांबवली, दुसरी सोडली. लोक चक्क ऐकायला लागले! जन्मात माझं कुणी ऐकलं नव्हतं हो! मी असा रंगात आलो की हातातल्या पाटीचं भानच राहिलं नाही. तिचा बाण आमच्या ऑफिसकडे! लोकांना वाटलं, पुढे रस्ता बंद, इकडूनच वळायचं. गाडीमागून गाडी आमच्या आवारात शिरली. मग शाळेची बस. तिच्यामागे बर्फ काढणारा ट्रक, तो नेमका फाटकात अडकला.

पिकेटसाहेब धावत आले. "शाब्बास वेंडेल! एवढं गिऱ्हाईक!"

"अहो, इथून बाहेर कसं पडायचं?" एका म्हातारीनं विचारलं.

"पडाल हो मावशी, आधी टॅक्सचं बघू!"

तेवढ्यात पोलीस आला. ऑफिसर टिबेट्स. "ही देवी कुणाची?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फाटकातल्या ट्रककडे पाहिलं. "आमची नव्हे," म्हणाले.

झालं! झगा तिथंच उतरवला आणि समोरच्या हॉटेलात गेलो. लोरीननं खिडकीतून सगळं पाहिलं होतं.

"गेली गं," मी म्हणालो.

"जाऊ दे मेली! चौक काय झकास चालवलास रे!"

तिनं गरम कॉफी दिली, समोर बसली, बूट काढले आणि सुजलेले पाय माझ्या मांडीवर ठेवले. मी ते चेपत राहिलो. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत दिवसाउजेडी आम्ही दोघं एकत्र असे बसलोच नव्हतो.

इतक्यात दारावरची घंटी वाजली. आम्ही दोघं ताडकन उभे!

आत आले ऑफिसर टिबेट्स. टोपी काढत म्हणाले, "अहो, बसा की!"

"काय आणू साहेब?" लोरीनच्या आधी मीच विचारून बसलो. आणि मी तर त्या हॉटेलात कामालाही नव्हतो!